नदीचं प्रदूषण कमी करायचंय? मग पाणलोट धरा आणि किलो मोजा

नदी घाण झाली की सगळ्यात आधी सुचतं ते काठ साफ करायचं. माणसं जमतात, प्लास्टिक उचलतात, आणि ते चांगलंच आहे कारण त्यानिमित्ताने लोक नदीपाशी तरी येतात. पण मैला, खतं, रसायनं, बारीक गाळ हे पाण्यात विरघळून नाहीतर मिसळून येतं, ते हाताने उचलता येत नाही, आणि मासे मरतात ते बहुतेकदा ह्याच गोष्टींनी. हे सगळं येतं पाणलोटातून, म्हणजे ज्या ज्या जमिनीवरचं पाणी शेवटी ह्या नदीत उतरतं त्या सगळ्या जमिनीवरून. म्हणून काम पण माथा ते पायथा करावं लागतं. खाली जो क्रम दिलाय तो नदी लहान असो की मोठी, थोड्याफार फरकाने सगळीकडे चालतो. तुमचा चार जणांचा गट असेल किंवा तुम्ही एखाद्या सरकारी खात्यात असाल, आधी हद्द, मग मोजमाप, मग हिशोब, आणि त्यानंतरच उपाय, हा क्रम मोडू नका.

आधी नकाशा

पाणलोटाची हद्द काढणं अवघड नाही. उंचीच्या रेषा असलेला नकाशा घ्या, किंवा उपग्रहाच्या उंचीच्या डेटावरून क्यूजीआयएससारख्या फुकट सॉफ्टवेअरमध्ये ती काढून घ्या. मग प्रत्येक उपनदी, ओढा, नाला ह्यांचे छोटे पाणलोट वेगवेगळ्या रंगात रंगवा. एवढं झालं की नकाशा घेऊन प्रत्यक्ष फिरायचं, आणि हे टाळू नका, कारण डोंगराची धार पावसाच्या पाण्याला अडवते, माणसाच्या पाइपला नाही. पंपाने उचललेलं सांडपाणी एका खोऱ्यातून दुसऱ्या खोऱ्यात जातं, कालव्याचं पाणी बाहेरून येऊन शेतांमधून नदीत झिरपतं, पावसाळी गटारं रस्त्याखालून भलतीकडेच निघतात. हे कुठल्याच उंचीच्या नकाशात दिसत नाही.

फिरताना नदीत उतरणारं प्रत्येक तोंड टिपा, पाइप असो, नाला असो, साधा चर असो. फोटो, जागा, वेळ, पाण्याचा रंग, वास, अंदाजे किती वाहतंय, एवढं पुरे. ही फेरी कोरड्या दिवसांत करा. पाऊस नसताना पावसाळी गटारातून पाणी येत असेल तर बहुतेक वेळा कोणाचं तरी सांडपाण्याचं कनेक्शन त्याला जोडलेलं असतं, क्वचित फुटलेली पाइपलाइन किंवा झऱ्याचं पाणीही असतं, ते वासावरून आणि साध्या अमोनियाच्या टेस्ट किटवरून लगेच कळतं. अशी चुकीची कनेक्शनं शोधून तोडणं आणि योग्य लाइनला जोडणं हे सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात लवकर फळ देणारं काम आहे, तरी ते सगळ्यात मागे राहतं.

नकाशावर अजून एक गोष्ट रंगवा, डांबर, काँक्रीट आणि छपरांनी झाकलेली जमीन. अनेक शहरांमधल्या ओढ्यांच्या अभ्यासातून असं दिसलंय की पाणलोटाचा साधारण १० टक्के भाग असा झाकला गेला की ओढ्याची तब्येत ढासळायला लागते. त्यामुळे जो छोटा पाणलोट अजून त्या आकड्याच्या खाली आहे तो वाचवणं हे आधीच झाकलेला सुधारण्यापेक्षा कितीतरी सोपं असतं, आणि माझ्या मते नियोजनात पहिला हात तिथे घालायला हवा.

पाणी कशासाठी हवंय ते ठरवा

"नदी स्वच्छ व्हावी" हे उद्दिष्ट म्हणून चालत नाही कारण ते कधी पूर्ण झालं हेच सांगता येत नाही. त्या पट्ट्यात पोहायचंय का, मासे जगवायचेत का, शुद्ध करून प्यायला घ्यायचंय का, की फक्त शेतीला द्यायचंय, ह्यावर आकडे बदलतात. माशांसाठी पाण्यात विरघळलेला ऑक्सिजन, ज्याला सगळे डीओ म्हणतात, तो लिटरला ५ मिलिग्रॅमच्या वर हवा, २ च्या खाली गेला की बहुतेक मासे पळतात नाहीतर मरतात. पोहण्यासाठी मैल्यातले जंतू महत्त्वाचे, अमेरिकेच्या पर्यावरण खात्याची २०१२ ची शिफारस १०० मिलिलिटरमागे सरासरी १२६ ई-कोलाय अशी आहे. पिण्यासाठी नायट्रेट बघावं लागतं, जागतिक आरोग्य संघटनेची मर्यादा लिटरला ५० मिलिग्रॅम. आपापल्या देशाचे आकडे काढा आणि नदीचा प्रत्येक पट्टा कशासाठी आहे ते नकाशावर लिहूनच टाका.

मोजायचं कसं, आणि कधी

इथे जरा सावकाश जाऊया कारण बहुतेक गडबड इथेच होते.

डीओ दुपारी मोजू नका, किंवा मोजलात तरी फक्त त्यावर भरवसा ठेवू नका. पाण्यात शेवाळ असेल तर ते दिवसा उन्हात ऑक्सिजन सोडतं आणि रात्री तोच ऑक्सिजन खातं, त्यामुळे दुपारी तीनला ९-१० दाखवणारी नदी पहाटे २ वर आलेली असू शकते, आणि मासे त्या पहाटे मरतात. पहाटे उजाडायच्या आधीचं रीडिंग घ्या. त्याच्यासोबत तापमान लिहाच, कारण थंड पाण्यात जास्त ऑक्सिजन मावतो, २० अंशाला लिटरमागे साधारण ९ मिलिग्रॅम आणि ३० अंशाला साडेसात. म्हणजे गरम पाणी सोडणारा कारखाना काही न मिसळताही नदीचं नुकसान करतो.

दुसरं म्हणजे जागा. लोक नाला नदीला मिळतो तिथेच मीटर बुडवतात आणि डीओ बरा आला की म्हणतात नाल्याने काही फरक पडत नाही. असं नसतं. घाण पाण्यात पडल्यावर जंतू ती खायला लागतात, खाताना ऑक्सिजन वापरतात, आणि हे चालू असताना पाणी पुढे वाहत असतं, त्यामुळे सगळ्यात वाईट जागा नाल्याच्या तोंडाशी नसून खाली काही अंतरावर, कधीकधी कित्येक किलोमीटर पुढे असते. स्ट्रीटर आणि फेल्प्स ह्या दोघांनी अमेरिकेतल्या ओहायो नदीवर काम करून १९२५ मध्ये ह्याचं गणित मांडलं, आजही मॉडेल्सच्या मुळाशी तेच आहे. तुम्हाला गणित नाही केलं तरी चालेल, नाल्याच्या वर एक, नाल्याच्या तोंडात एक, आणि खाली ओळीने चार-पाच जागा ठेवा, ऑक्सिजन सगळ्यात खाली कुठे जातो ते आकडेच दाखवतील.

रोजच्या कामाला डीओ, तापमान, पीएच आणि कंडक्टिव्हिटी एवढे हातातले मीटर पुरतात. कंडक्टिव्हिटी म्हणजे पाण्यातल्या क्षारांचा अंदाज, ती अचानक उडी मारते तिथे काहीतरी येऊन मिळालेलं असतं, त्यामुळे लपलेली तोंडं शोधायला हे मीटर फार उपयोगी पडतं. बीओडी (म्हणजे पाण्यातली घाण खाताना जंतू किती ऑक्सिजन वापरतील त्याचं माप, तेही लिटरला मिलिग्रॅममध्ये), नायट्रेट, फॉस्फरस, जंतू ह्यांची सँपल्स लॅबला द्या. जंतूंची बाटली निर्जंतुक हवी, बर्फात ठेवा आणि सहा तासांच्या आत पोचवा, नाहीतर येणाऱ्या आकड्याला अर्थ राहत नाही. कंपनीच्या आसपास असाल तर तिथे काय वापरतात ते बघून जड धातू, सॉल्व्हंट वगैरे ठरवा, सरसकट सगळं तपासत बसलात तर पैसे संपतील.

आणि किडे बघा, मनापासून सांगतोय. दगड उलटा करा, तळाची माती चाळा. मेफ्लाय, स्टोनफ्लाय, कॅडिसफ्लाय ह्यांच्या अळ्या सापडल्या तर पाण्यात गेले कित्येक आठवडे-महिने ऑक्सिजन चांगला होता असं समजा. फक्त लाल रंगाच्या अळ्या आणि ट्यूबिफेक्स नावाचे गांडुळासारखे बारीक किडे असतील तर ऑक्सिजन कमी पडतोय. बाटलीतलं पाणी त्या एका क्षणाचं असतं, किडे मात्र तिथेच राहत असतात, रात्री कोणी काय सोडलं ते त्यांना भोगावं लागतं. लहान मुलांनाही ही तपासणी जमते.

पावसातली सँपल्स वेगळी घ्या. वर्षभरातला गाळ आणि फॉस्फरस ह्यांचा मोठा हिस्सा मोजक्या मोठ्या पावसांत वाहून जातो, महिन्यातून एकदा कोरड्या दिवशी बाटली भरलीत तर तो तुम्हाला कधीच दिसणार नाही. पूर चढताना, शिखराला आणि ओसरताना असं तीनदा भरा, पण पुलावरून दोरी-बादलीने, पाण्यात उतरून अजिबात नाही.

मिलिग्रॅम नाही, किलो

लॅबचा रिपोर्ट मिलिग्रॅम प्रति लिटरमध्ये येतो, म्हणजे पाणी किती घट्ट घाण आहे ते कळतं. पण नदीला बाधतं ते एकूण किती आलं ते. त्यासाठी प्रवाह मोजायलाच लागतो. नाल्यात सोपं आहे, एक सरळ दहा मीटरचा तुकडा निवडा, रुंदी आणि चार-पाच ठिकाणी खोली मोजून छेदाचं क्षेत्रफळ काढा, संत्र्यासारखं अर्धवट बुडून तरंगणारं काहीतरी सोडा, दहा मीटरला किती सेकंद लागले बघा, वेग काढा, त्याला ०.८५ ने गुणा कारण पृष्ठभागावरचं पाणी तळापेक्षा जोरात पळतं, आणि मग क्षेत्रफळाने गुणा. झाला सेकंदाला किती घनमीटर हा आकडा.

आता एक आकडा पाठ करून ठेवा, ८६.४. सेकंदाला १ घनमीटर प्रवाह आणि लिटरला १ मिलिग्रॅम म्हणजे दिवसाला ८६.४ किलो. समजा एका नाल्यात ०.२ घनमीटर वाहतंय आणि बीओडी १५० आहे, तर ०.२ गुणिले १५० गुणिले ८६.४, दिवसाला साधारण २,५९० किलो. शेजारच्या कारखान्याचं पाणी रंगीत आहे, बीओडी ८०० आहे, सगळे त्याच्यावर चिडलेत, पण प्रवाह आहे ०.०१, म्हणजे साधारण ६९० किलो. कारखान्याला सोडा असं मी म्हणत नाहीये, त्यात विषारी धातू असतील तर थोडेसेही घातक असतात आणि त्यांचा हिशोब वेगळा लावावा लागतो, पण ऑक्सिजन जातोय तो मुख्यतः नाल्यामुळे हे किलो काढल्याशिवाय दिसत नाही आणि मग पैसा चुकीच्या जागी जातो.

नदी किती पचवू शकते ते पण असंच काढायचं. वरून १० घनमीटर पाणी १ बीओडीने येतंय आणि आपली मर्यादा ३ आहे, तर मोकळी जागा २ मिलिग्रॅमची, म्हणजे दिवसाला साधारण १,७३० किलो. आणि एकटा नाला २,५९० टाकतोय! हीच नदी उन्हाळ्यात २ घनमीटरवर आली की जागा उरते ३४५ किलो. म्हणून परवानगी देताना सरासरी प्रवाह धरायचा नसतो, कोरड्यातला कोरडा धरायचा. अनेक ठिकाणी सात दिवसांच्या सरासरीचा असा नीचांक धरतात जो दहा वर्षांतून एकदा येतो. ह्याचा उलटा अर्थ पण लक्षात घ्या, वर धरणात किंवा कालव्यात पाणी वळवलं की नदीची पचवायची ताकद कमी होते, त्यामुळे नदीत किमान प्रवाह सोडायला लावणं हे प्रदूषण कमी करण्याचंच काम आहे.

आता हे मोकळे किलो वाटायचे, अमुक नाल्याला एवढे, कारखान्यांना एवढे, शेतीला एवढे, आणि चुकीला, पुढच्या वाढीला थोडे राखून. अमेरिकेच्या १९७२ च्या स्वच्छ पाणी कायद्यात नेमकी हीच पद्धत आहे. तिचं सगळ्यात मोठं उदाहरण म्हणजे चेसापीक उपसागराचा पाणलोट, त्यात सहा राज्यं आणि राजधानीचं शहर येतं, २०१० मध्ये सगळ्यांना नत्र, फॉस्फरस आणि गाळाचे कोटे वाटले आणि २०२५ ची मुदत दिली. सांडपाणी प्रकल्पांनी आपला वाटा २०१६ मध्येच, जवळपास दहा वर्षं आधी पूर्ण केला. शेतीचा वाटा मागे राहिला. कारण उघड आहे, पाइपला परवाना असतो, शेतातून पावसात वाहणाऱ्या पाण्याला त्या कायद्याखाली परवाना लागत नाही. तुमच्या योजनेतही हीच फट असणार, ती आधीच ओळखून ठेवा.

परवाने असे लिहा की पळवाट राहणार नाही

परवान्यात फक्त मिलिग्रॅमची मर्यादा असेल तर साधं पाणी मिसळून ती पाळता येते, नदीत पडणारे किलो तेवढेच राहतात. म्हणून दोन्ही मर्यादा लिहायच्या, मिलिग्रॅमची आणि दिवसाला किती किलोची, आणि सँपल घ्यायची जागा दुसरं कुठलंही पाणी मिसळायच्या आधीची. एकच बाटली भरून तपासणी करू नका, २४ तासांचं थोडं थोडं पाणी एकत्र करून घ्या, म्हणजे रात्री सोडलेलं पण त्यात येतं. रात्रीची आणि सुट्टीच्या दिवशीची अचानक तपासणी नियमातच लिहा. दंड असा हवा की प्रक्रिया करण्यापेक्षा तो महाग पडेल, नाहीतर तो नुसता खर्चाच्या यादीतला एक आकडा होऊन बसतो.

तुम्ही बाहेरचे नागरिक असाल तर दोन गोष्टी तपासा, दोन्ही कागदावर करता येतात. पहिली, पाण्याचा ताळेबंद. कारखान्याने किती पाणी घेतलं, मालात किती गेलं, वाफ किती झाली, उरलेलं कुठे गेलं? घेतलं शंभर, वाफ आणि माल मिळून चाळीस, आणि सोडलं म्हणून दाखवलं वीस, तर चाळीस कुठेतरी जातायत, कदाचित बोअरमध्ये, कदाचित रात्री नाल्यात. दुसरी, सांडपाणी प्रकल्पाचं वीजबिल आणि गाळाची नोंद. नेहमीच्या हवा फुंकणाऱ्या प्रकल्पात जवळपास निम्मी वीज त्या ब्लोअरला लागते, त्यामुळे प्रकल्प खरोखर चालत असेल तर ती बिलात दिसते, आणि घाण पाण्यातून काढली असेल तर गाळ निघणारच. वीज कमी, गाळाचे ट्रक नाहीत, आणि रिपोर्टमध्ये मात्र बाहेरचं पाणी काचेसारखं, हे तिन्ही एकत्र खरं असू शकत नाही. परवाने, बिलं, रिपोर्ट हे माहितीच्या कायद्याखाली बऱ्याच देशांत मागता येतं, अर्ज शांतपणे आणि नेमका लिहा, कोणावर आरोप न करता फक्त कागद मागा.

फी पण किलोवर लावा. जर्मनीत एम्शर नदीच्या खोऱ्यात १८९९ मध्येच शहरं, खाणी आणि कारखाने ह्यांची एक सक्तीची संघटना झाली, प्रत्येकाने आपल्या वाट्याचे पैसे भरायचे. फ्रान्सने १९६४ च्या कायद्याने खोऱ्यानुसार सहा एजन्सी केल्या, त्या पाणी घेणाऱ्यांकडून आणि घाण करणाऱ्यांकडून फी घेतात आणि त्याच खोऱ्यात खर्च करतात. जिल्हा किंवा राज्याच्या हद्दीपेक्षा खोऱ्याच्या हद्दीवर संस्था उभी राहिली की वरचे आणि खालचे एका टेबलावर येतात. एम्शरची गोष्ट पुढे पण महत्त्वाची आहे, ती नदी शंभर वर्षं उघडं गटार म्हणून वापरली गेली, १९९२ पासून जमिनीखालून मोठ्या सांडपाणी वाहिन्या घालायला घेतल्या आणि २०२१ अखेर नदीत थेट जाणारं सांडपाणी बंद झालं. तीस वर्षं लागली. राजकीय लोकांना पाच वर्षांत नदी चकाचक करण्याचं वचन देऊ देऊ नका.

सांडपाणी

दाट वस्तीच्या पाणलोटात बहुतेक ठिकाणी सगळ्यात जास्त किलो इथेच निघतात. इथे मोठी चूक एकच होते, प्रकल्प बांधतात आणि त्याला जोडणाऱ्या लाइन बांधत नाहीत, मग प्रकल्प अर्ध्या क्षमतेवर आणि नाला पूर्ण क्षमतेवर. पैसे मर्यादित असतील तर आधी जोडण्या, मग नाल्याचं पाणी नदीत पडायच्या आधी अडवून वळवणं, मग प्रकल्पाची क्षमता. लंडनची थेम्स १९५७ मध्ये तिथल्या नॅचरल हिस्टरी म्युझियमच्या लोकांनी मृत घोषित केली होती, नंतरच्या दोन दशकांत सांडपाणी प्रकल्प सुधारले आणि १९७४ मध्ये तिथे सामन (सॅल्मन) मासा पुन्हा मिळाला.

विखुरलेल्या वस्तीला लांबच्या लाइन परवडत नाहीत, तिथे सेप्टिक टाकी चालते, पण दर ३ ते ५ वर्षांनी उपसली पाहिजे आणि उपसलेला गाळ प्रकल्पात गेला पाहिजे, टँकरने ओढ्यात रिकामा केला तर टाकी नसलेली बरी. टँकरची नोंदवही आणि जीपीएस सक्तीचं करा. छोट्या गावांना वनस्पतींच्या पाणथळ वाफ्यातून पाणी गाळून सोडणं चांगलं पडतं, जागा लागते पण वीज जवळपास लागत नाही. आणि जिथे नदी पुढे तळ्याला किंवा धरणाला मिळते तिथे बीओडी काढून भागत नाही, नत्र आणि फॉस्फरस पण काढायला लागतो, नाहीतर पाणी दिसायला साफ आणि पुढे सगळीकडे शेवाळ.

शेती

शेतकऱ्याला दोष देऊन सुरुवात केलीत तर काम तिथेच संपलं. खत वाहून गेलं म्हणजे त्याचेच पैसे वाहून गेले, तिथून बोला. माती परीक्षण करून लागेल तेवढंच, पिकाला हवं तेव्हा, मुळाजवळ, आणि मोठ्या पावसाचा अंदाज असेल तर दोन दिवस थांबून.

एक फरक नीट समजून घ्या. फॉस्फरस बहुतेक मातीच्या कणांना चिकटून जातो, म्हणून माती अडवली की तोही अडतो, समतल पेरणी, बांध, चर, आच्छादन, ओढ्याच्या काठाला गवत-झाडांचा १० ते ३० मीटर पट्टा, हे सगळं चालतं. नायट्रेट मात्र विरघळून खाली जमिनीत जातं आणि भूजलातून नदीत येतं, त्याला बांध अडवत नाही. त्यासाठी खताची मात्राच कमी करायला लागते, किंवा हंगाम संपल्यावर जमीन उघडी न ठेवता असं पीक घ्यावं लागतं जे उरलेला नत्र शोषून घेईल. आणि शेतातून निचऱ्याचे पाइप जमिनीखालून थेट ओढ्यात काढले असतील तर काठावरचा हिरवा पट्टा नायट्रेटसाठी काही करत नाही, पाणी त्याच्या खालून निघून जातं. जनावरांना ओढ्यात सोडण्याऐवजी बाजूला पाणी प्यायची टाकी द्या, शेणखताचा ढीग छपराखाली आणि ओढ्यापासून लांब.

खर्च कोणी करायचा? न्यूयॉर्क शहराला प्यायचं पाणी ज्या वरच्या डोंगराळ पाणलोटातून येतं, तिथल्या गावांशी शहराने १९९७ मध्ये करार केला, शेतकऱ्यांच्या सुधारणांना आणि वरच्या सांडपाणी प्रकल्पांना शहराने पैसे दिले, विकायला तयार असणाऱ्यांकडून जमीन घेतली, आणि अब्जावधी डॉलरचा गाळणी प्रकल्प टळला. खालच्यांनी वरच्यांना पैसे देणं ह्यात काही चूक नाही, स्वस्तच पडतं.

रस्ते आणि गोदामं

शहरात पावसाचं पहिलं पाणी सगळ्यात घाण असतं, ते नदीत जाऊ न देता खळग्यांत, झाडांच्या वाफ्यांत, मुरणाऱ्या फरसबंदीत जिरवा. बांधकामावरची उघडी माती झाकायला लावा, एवढ्या एका नियमाने गाळ खूप कमी होतो. टायर झिजून जे रसायन रस्त्यावर पडतं त्यापासून तयार होणारा एक पदार्थ कोहो जातीच्या सामन माशांना मारतो हे अमेरिकेच्या वायव्य किनाऱ्यावरच्या संशोधनातून २०२० मध्ये समोर आलं, तोपर्यंत पाऊस पडला की मासे का मरतात हे कित्येक वर्षं कोणाला कळत नव्हतं.

अपघाताची तयारी वेगळी लागते. १ नोव्हेंबर १९८६ ला स्वित्झर्लंडमध्ये बाझेलजवळ सँडोज कंपनीच्या गोदामाला आग लागली, ती विझवायला मारलेलं पाणी कीटकनाशकं घेऊन ऱ्हाइनमध्ये गेलं आणि खाली लाखाहून जास्त ईल मासे मेले. त्यातून १९८७ चा ऱ्हाइन कृती कार्यक्रम उभा राहिला. आपल्या पाणलोटातल्या रसायनांच्या गोदामांची यादी करा, प्रत्येक ठिकाणी आगीचं पाणी साठवायला टाकी आहे का, रसायनाच्या टाकीभोवतीची भिंत सगळ्यात मोठ्या टाकीच्या ११० टक्के द्रव अडवेल एवढी आहे का बघा. आणि खाली पाणी उचलणाऱ्या सगळ्यांचे फोन नंबर वरच्या प्रत्येक गोदामात भिंतीवर लावलेले हवेत.

फरक पडला का हे कसं ओळखायचं

कामं झाली आणि पुढच्या वर्षी डीओ वाढला, तर लगेच यश जाहीर करू नका, कदाचित पाऊस जास्त झाला असेल. म्हणून सुरुवातीपासून एक तुलनेचा ओढा ठेवा, तसाच पाणलोट, पण तिथे काही काम केलेलं नाही. दोन्हीकडे एकाच दिवशी सँपल घ्या. फरक फक्त आपल्या ओढ्यात दिसला तर तो कामामुळे. सँपलच्या जागा, वेळ, पद्धत बदलू नका, आणि काम सुरू करायच्या आधीचं निदान एक पूर्ण वर्ष मोजलेलं असू द्या, ते नंतर कितीही पैसे दिले तरी मिळत नाही.

कशाला किती वेळ लागतो ते लोकांना आधी सांगून ठेवा. सांडपाणी वळवलं की वाहत्या नदीत ऑक्सिजन काही दिवस-आठवड्यांत सुधारायला लागतो, किडे परत यायला एखाददोन हंगाम. सिएटलजवळच्या लेक वॉशिंग्टनमधून १९६३ ते १९६८ मध्ये सांडपाणी वळवलं आणि सत्तरच्या दशकाच्या मध्यापर्यंत तळं नितळ झालं. तळाच्या गाळात साठलेला फॉस्फरस मात्र काही ठिकाणी वर्षानुवर्षं सुटत राहतो, आणि भूजलातलं नायट्रेट तर दहा-वीस वर्षांपूर्वी टाकलेल्या खताचं असू शकतं, म्हणजे आज शेतकऱ्यांनी सगळं बरोबर केलं तरी नदीत आकडा लगेच उतरणार नाही. तिथे नदीतल्या आकड्यावर त्यांना नापास करू नका, शेतात मुळांच्या खाली उतरणारं पाणी मोजा, तिथे फरक लवकर दिसतो. सगळे आकडे, चांगले-वाईट दोन्ही, दर महिन्याला नदीकाठी फलकावर आणि नेटवर लावा, आणि प्रकल्पाचा निधी संपला तरी वरची एक जागा आणि खालची एक जागा एवढ्या दोन ठिकाणचं पहाटेचं डीओ आणि कंडक्टिव्हिटी चालू ठेवा, नवीन कनेक्शन जोडलं गेलं तर पहिली खबर तिथूनच मिळेल.